वीजघराचा घरखर्च

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातला ५०० मेगावॉटचा एखादा संच पूर्ण भाराने चालतो, तेव्हाही जनित्रातून निघालेली सगळी वीज बाहेर पडत नाही. सुमारे सहा टक्के, म्हणजे तीसेक मेगावॉट, केंद्राच्या आतच खर्च होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची सगळी क्षमता साधारण एवढीच असते. जुन्या २१० मेगावॉटच्या संचांमध्ये हा घरखर्च साडेआठ टक्क्यांच्या घरात जातो. विजेचे दर ठरवणारे आयोग त्याची मर्यादा आखून देतात आणि खर्च मर्यादेबाहेर गेला की तोटा केंद्राला सोसावा लागतो.

शाळेच्या पुस्तकातलं औष्णिक केंद्राचं चित्र सुटसुटीत असतं. बॉयलरमध्ये वाफ होते, वाफेने टर्बाइन फिरतं, टर्बाइनबरोबर जनित्र फिरतं आणि तारांमधून वीज निघते. पण ५०० मेगावॉटच्या संचात वाफेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला १७० किलोच्या आसपास असतो. एवढ्या दाबाच्या बॉयलरमध्ये पाणी आपोआप जात नाही, ते पंपाने रेटावं लागतं. २१० मेगावॉटच्या संचात या कामासाठी जे बॉयलर फीड पंप असतात, त्यांच्या एकेका मोटारीची ताकद ४,००० किलोवॉट असते. कोळसा दळायला मिल लागतात, दळलेली भुकटी भट्टीत फुंकायला प्रायमरी एअर फॅन, ज्वलनाला हवा पुरवायला एफडी फॅन आणि धूर ओढून चिमणीकडे लोटायला आयडी फॅन. वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करायला कूलिंग वॉटर पंप अहोरात्र चालतात. त्याशिवाय कोळशाचे पट्टे, राखेचे पंप, पाणी शुद्ध करणारं डीएम प्लँट, कॉम्प्रेसर, अग्निशमनाचे पंप, नियंत्रण कक्षाचं वातानुकूलन. केंद्रातली माणसं या सगळ्याला मिळून ‘ऑक्झिलरी’ म्हणतात.

विद्युत अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांना वीजकेंद्रातली नोकरी म्हटलं की जनित्र डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात एका संचाला जनित्र एकच असतं, मोटारी मात्र शेकडो. केंद्रातल्या बहुतेक विद्युत अभियंत्यांचा दिवस जनित्राजवळ जात नाही. तो या मोटारी, त्यांचे ब्रेकर, केबली, ट्रान्सफॉर्मर, रिले आणि बॅटऱ्या यांच्यात जातो. हे दुय्यम काम आहे असा समज आहे आणि तो साफ चुकीचा आहे. जनित्र बंद पडलं तर केंद्राचं उत्पन्न बुडतं. ऑक्झिलरीची वीज गेली तर केंद्रच हातचं जाऊ शकतं.

दोन वाटांनी येणारी वीज

बंद पडलेलं औष्णिक केंद्र स्वतःच्या बळावर सुरू होऊ शकत नाही. पंखे फिरल्याशिवाय भट्टी पेटत नाही, पंप चालल्याशिवाय बॉयलर भरत नाही आणि या दोन्हींना वीज लागते. म्हणून प्रत्येक केंद्रात ऑक्झिलरीसाठी दोन वाटा ठेवलेल्या असतात. पहिली स्टेशन ट्रान्सफॉर्मरची. तो बाहेरच्या ग्रीडमधून वीज घेतो. दुसरी युनिट ऑक्झिलरी ट्रान्सफॉर्मरची, म्हणजे यूएटीची. तो थेट जनित्राच्या तोंडाशी जोडलेला असतो. ५०० मेगावॉटच्या संचात तिथे २१ किलोव्होल्ट असतात. दोन्ही वाटा ६.६ किलोव्होल्टच्या बसवर येऊन मिळतात. मोठ्या मोटारी तिथून चालतात, लहानांसाठी पुढे ४१५ व्होल्ट करून घेतात.

संच सुरू करताना सगळं स्टेशनच्या विजेवर चालतं. जनित्र ग्रीडशी जुळलं, थोडा लोड घेतला की ऑक्झिलरी यूएटीवर वळवतात. इथवर शांतपणे करायचं काम असतं. खरी परीक्षा उलट्या दिशेने होते. संच ट्रिप झाला की यूएटीकडून येणारा पुरवठा त्याच क्षणी संपतो. बसवरच्या मोटारी मात्र लगेच थांबत नाहीत. जडत्वामुळे पंखे-पंप फिरत राहतात आणि त्यांना जोडलेल्या मोटारी बसवर स्वतःचं थोडं व्होल्टेज टिकवून धरतात. ते ओसरत जातं, त्याची वारंवारता घसरते आणि ग्रीडच्या व्होल्टेजशी असलेला मेळ सुटत जातो. दोन्ही व्होल्टेज नेमकी विरुद्ध टोकांना असताना स्टेशनचा ब्रेकर लागला, तर मोटारीच्या शाफ्टला आणि वाइंडिंगला असा हिसका बसतो की कपलिंग तुटावं. त्यामुळे ही बदली मेळ सुटायच्या आत, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास, उरकावी लागते. ते जमलं नाही तर थांबायचं आणि उरलेलं व्होल्टेज वीस-तीस टक्क्यांच्या खाली गेल्यावरच जोडायचं. पण तेवढ्या वेळात मोटारींचा वेग पडलेला असतो. सगळ्या एकदम पुन्हा वेग घेऊ लागल्या तर बस दबते. म्हणून कोणत्या मोटारी सोडून द्यायच्या आणि कोणत्या धरून ठेवायच्या, हे आधीच ठरवलेलं असतं.

हा हिशेब माणूस त्या क्षणी करू शकत नाही. तो रिलेमध्ये आधी भरून ठेवावा लागतो, आणि भरणारा माणूस टेस्टिंग विभागाचा अभियंता असतो. त्याने आठवडाभर बसून काढलेलं सेटिंग वर्षातून दोन-तीनदाच कामी येतं. त्या वेळी ते बरोबर निघालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

बॅटरी रूम

दोन्ही वाटा एकदम बंद झाल्या तर? केंद्राचा संपूर्ण आराखडा या प्रश्नाभोवती आखलेला असतो. पहिला आधार डिझेल जनरेटरचा. पुरवठा गेल्याचं कळताच तो काही सेकंदांत आपोआप सुरू होतो आणि अगदी गरजेच्या गोष्टींना ४१५ व्होल्ट देतो. डिझेल इंजिनही कधी दगा देतं. मग उरते बॅटरी.

वीजकेंद्र बघायला गेलात तर टर्बाइन हॉल सगळेच दाखवतात. बॅटरी रूम दाखवा म्हणून आपण मागणी करावी. आत शिरताच आम्लाचा वास येतो. पारदर्शक भांड्यांच्या रांगा, प्रत्येक भांड्यात शिशाच्या पट्ट्या, अशी साधारण ११० भांडी एकापुढे एक जोडलेली. प्रत्येकाचे दोन व्होल्ट, सगळ्यांचे मिळून २२०. चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन निघतो, म्हणून एक्झॉस्ट पंखा कायम चालू ठेवतात. दाराशी डोळे धुवायची सोय असते. भिंतीवर नोंदवही टांगलेली असते. ठरवून घेतलेल्या काही सेलचं व्होल्टेज आणि आम्लाची घनता तिच्यात नियमाने लिहिली जाते. घनता १.२ च्या आसपास असायला हवी. एखाद्या सेलची घनता आठवड्यामागून आठवडा घसरताना दिसली, तर अख्ख्या रांगेवर भरवसा ठेवता येत नाही. वहीतला कंटाळवाणा दिसणारा तो आकडा नीट वाचता येणं, ही या नोकरीतली मोठी अक्कल आहे.

या २२० व्होल्टवर काय काय अवलंबून असतं? सगळ्यात आधी ब्रेकर. लाइनवर फॉल्ट झाला की रिले ब्रेकरला उघडायला सांगतो आणि ब्रेकर उघडणारी ट्रिप कॉइल याच डीसीवर चालते. डीसी नसेल तर फॉल्ट दिसत असूनही ब्रेकर हलत नाही आणि यंत्र जळेपर्यंत प्रवाह वाहत राहतो.

त्यानंतर टर्बाइनचं तेल. मिनिटाला ३,००० फेरे फिरणारा तो अवजड रोटर बेअरिंगमधल्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. वाफ तोडली तरी तो पूर्ण थांबायला बराच वेळ लागतो आणि तोपर्यंत तेल मिळालंच पाहिजे. एसी पंप बंद पडून तेलाचा दाब घसरला की डीसीवरचा इमर्जन्सी ऑइल पंप आपोआप लागतो. तो लागला नाही तर बेअरिंगचा व्हाइट मेटल वितळतो आणि पुढचे कित्येक महिने संच उभा राहतो. रोटर थांबल्यावरही काम संपत नाही. तापलेला शाफ्ट एका जागी पडून राहिला तर वाकतो, म्हणून थंड होईपर्यंत तो बॅरिंग गिअरने हळूहळू फिरवत ठेवतात. बॅरिंगची मोटार चालवायलाही वीज नसेल तर हाताने दांडा मारून रोटर फिरवायची सोय केलेली असते.

तिसरी गोष्ट सील ऑइलची. मोठ्या जनित्रांना आतून हायड्रोजनने थंड ठेवतात. शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथली फट तेलाच्या दाबाने बंद केलेली असते. ते तेल थांबलं की हायड्रोजन बाहेर येतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं तर एक ठिणगी पुरते. म्हणून सील ऑइलचाही एक पंप डीसीवर असतो.

या बॅटरीचं एक दुखणं नव्या अभियंत्याला हमखास भेटतं, ते म्हणजे डीसी अर्थ. २२० व्होल्टच्या दोन टोकांपैकी एकही जमिनीला जोडलेलं नसतं. सगळं ठाकठीक असताना धन टोक जमिनीच्या मानाने अधिक ११० आणि ऋण टोक उणे ११० दाखवतं. पावसाळ्यात कोळसा विभागातल्या एखाद्या लिमिट स्विचमध्ये पाणी शिरतं आणि रात्री दोन वाजता नियंत्रण कक्षात डीसी अर्थची विंडो येते. मीटर लावला तर एका बाजूला २०० आणि दुसऱ्या बाजूला २० दिसतात. एकाच जागी अर्थ झाल्याने काहीच बिघडत नाही, कारण प्रवाहाला परतीची वाट नसते. नेमकं म्हणूनच हे दुखणं फसवं आहे. दुसऱ्या जागीही अर्थ झाला तर कोणी हात न लावता ब्रेकर ट्रिप होऊ शकतो, किंवा ट्रिप व्हायच्या वेळी होणारच नाही.

मग शोधाशोध सुरू होते. एकेक फीडर क्षणभर बंद करायचा, मीटरचा काटा मध्यावर येतो का पाहायचं आणि पुन्हा चालू करायचा. यार्डाच्या दिव्यांचा फीडर बिनधास्त उघडता येतो, संरक्षणाच्या रिलेंना वीज देणारा नाही. तो उघडून लावण्याच्या झटक्यातच चालता संच ट्रिप झाल्याची उदाहरणं जुने लोक सांगतात. म्हणून आधी शिफ्ट इन-चार्जची परवानगी घ्यायची, ड्रॉइंग पुढ्यात ठेवायचं आणि बाहेर उघड्यावर गेलेल्या केबलींपासून सुरुवात करायची. आता केबलीभोवती नुसता चिमटा लावून गळती दाखवणारी उपकरणं मिळतात आणि फीडर उघडावा लागत नाही. पण कोणत्या केबलीला आधी चिमटा लावायचा, हे केंद्र पायाखाली घातलेल्या माणसालाच सुचतं.

नरोरा आणि फुकुशिमा

उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात ३१ मार्च १९९३ च्या पहाटे पहिल्या संचाच्या टर्बाइनची पाती तुटली. त्या हादऱ्याने हायड्रोजन बाहेर पडला, पेटला, तेलानेही पेट घेतला आणि आग केबलींच्या मार्गाने पसरत गेली. चालकांनी अणुभट्टी मिनिटाच्या आत हाताने बंद केली होती. पण नेहमीच्या आणि आणीबाणीच्या अशा दोन्ही पुरवठ्यांच्या केबली आगीच्या तडाख्यात सापडल्या. केंद्र सुमारे १७ तास पूर्ण अंधारात होतं. धुरामुळे नियंत्रण कक्ष सोडावा लागला. बंद केलेली अणुभट्टीही उष्णता देत राहते, तिला पाणी हवंच असतं. ते डिझेलवर चालणारे अग्निशमनाचे पंप लावून वाफजनित्रांना पोचवलं गेलं. काही कर्मचारी हातात बॅटरी घेऊन अणुभट्टीच्या इमारतीच्या माथ्यावर चढले आणि भट्टी पुन्हा जागी होऊ नये म्हणून बोरॉन सोडणाऱ्या झडपा त्यांनी हातांनी उघडल्या. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर या घटनेला तिसरी पातळी मिळाली.

केबलींच्या मांडणीचं काम अनेकांना क्लार्कचं वाटतं: कोणती केबल कोणत्या ट्रेमधून, किती मीटर. नरोराने दाखवलं की दोन स्वतंत्र पुरवठे कागदावर कितीही स्वतंत्र असले, तरी त्यांच्या केबली एकाच वाटेने गेल्या तर तो एकच पुरवठा असतो. त्यानंतर केबली वेगळ्या मार्गांनी नेणं आणि मधल्या भिंतींतली भोकं आगरोधक लेपाने बुजवणं यावर काटेकोर लक्ष दिलं जाऊ लागलं. आपल्या जड पाण्याच्या अणुकेंद्रांमध्ये, तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांतही, केंद्रातल्या विजेचे चार वर्ग पाडलेले असतात. चौथा वर्ग ग्रीडचा, तिसरा डिझेलचा, दुसरा खंड न पडणाऱ्या एसीचा आणि पहिला बॅटरीचा. पुरवठा जितका भरवशाचा तितका त्याचा आकडा लहान.

जपानमध्ये ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा दायइचीच्या अणुभट्ट्या भूकंपात आपोआप बंद झाल्या, डिझेल जनरेटरही सुरू झाले. पाऊण-एक तासाने त्सुनामी आली. बरेचसे डिझेल आणि त्यांचे स्विचगिअर तळघरांत होते, ते बुडाले. काही संचांच्या बॅटऱ्याही बुडाल्या. चालकांनी आवारातल्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या, त्या जोडून अणुभट्टीतली पाण्याची पातळी दाखवणारे मीटर जिवंत केले. त्याच केंद्रात सहाव्या संचाचा एक हवेवर थंड होणारा डिझेल उंचावर होता. तो चालत राहिला आणि पाचवा-सहावा संच वाचले. जनरेटर कोणत्या मजल्यावर ठेवायचा हा निर्णय कधीकाळी एका ड्रॉइंगवर घेतलेला असतो. ऑक्झिलरीचं डिझाइन करणाऱ्या अभियंत्याने हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

अंधारातून परत

३० जुलै २०१२ च्या मध्यरात्रीनंतर उत्तर ग्रीड कोसळली. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही ग्रीड मिळून कोसळल्या. सुमारे ४८,००० मेगावॉटचा भार गेला आणि देशाची जवळपास निम्मी लोकसंख्या विजेविना राहिली. पश्चिम ग्रीड टिकली, म्हणून महाराष्ट्राला त्याची झळ बसली नाही. त्या दोन दिवसांत कोळशाच्या संचांना वीज देण्याआधी वीज घ्यावी लागली. टिकलेल्या पश्चिम ग्रीडकडून, भूतानच्या आणि आपल्या जलविद्युत केंद्रांकडून एकेक लाइन चार्ज करत ती औष्णिक केंद्रांच्या स्टेशन ट्रान्सफॉर्मरपर्यंत आणली गेली.

जलविद्युत केंद्राची ऑक्झिलरी अगदी माफक असते, एक टक्क्याच्याही आत. झडप उघडायला तेलाचा दाब, उत्तेजनासाठी थोडी डीसी आणि एक लहान डिझेल एवढ्यावर ते अंधारातून उठू शकतं. म्हणून कोयनेच्या १,९६० मेगावॉटचं महाराष्ट्राला असलेलं महत्त्व फक्त संध्याकाळच्या वाढत्या मागणीपुरतं नाही. राज्यात ग्रीड पूर्ण बसलीच, तर कोळशाच्या केंद्रांना जागं करायला सह्याद्रीच्या पोटातल्या या वीजघरासारखी जलकेंद्रं आणि उरणसारखं वायूवर चालणारं केंद्र हाताशी लागतं. याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात. तो कागदावर ठेवून चालत नाही, त्याचा सराव करावा लागतो. मोकळी लांब लाइन चार्ज केली की दुसऱ्या टोकाला व्होल्टेज चढतं. त्यावर हजारो किलोवॉटची फीड पंपाची मोटार एकदम लावली की ते कोसळतं. दोन्हींच्या मधून वाट काढायची असते.

कोळसा, राख आणि मेगर

आपल्याकडचा ५०० मेगावॉटचा संच पूर्ण भाराने दिवसाला साडेसात-आठ हजार टन कोळसा जाळतो आणि भारतीय कोळशात तीस ते चाळीस टक्क्यांहून जास्त राख असते. एवढा माल आत आणणं आणि एवढी राख बाहेर काढणं, दोन्ही विजेच्या जिवावर चालतं. कोळसा हाताळणी विभाग, सीएचपी, ही विद्युत अभियंत्याची सगळ्यात धुळकट नेमणूक. एकामागून एक पट्टे असतात. पुढचा पट्टा फिरत असल्याशिवाय मागचा सुरू होता कामा नये, नाहीतर जोडावर कोळशाचा ढीग होतो. हे इंटरलॉक धुळीत आणि पावसात रोज चालते ठेवायचे. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी एक दोरी ताणलेली असते. कोणी अडकलं तर ती ओढायची, पट्टा तिथेच थांबतो. तिचा स्विच वारंवार खोटा ट्रिप देतो म्हणून वायरने बांधून ठेवण्याचा मोह सगळीकडे होतो. तो बांधू न देणारा कनिष्ठ अभियंता कामगारांचे जीव वाचवतो, मग उत्पादनवाले कितीही चिडोत.

राखेच्या बाजूला ईएसपी. धुरातली राख पकडण्यासाठी तिथे पत्र्यांच्या रांगांमध्ये पन्नास हजार व्होल्टच्या वर डीसी उभं केलं जातं. राखेचे कण भारित होऊन पत्र्यांना चिकटतात, हातोड्या पत्र्यांवर ठोके देतात आणि राख खालच्या हॉपरमध्ये पडते. हॉपर वेळेवर रिकामा झाला नाही तर राख वर चढते, पत्रा आणि इलेक्ट्रोड जोडले जातात आणि ईएसपीचा तेवढा भाग, म्हणजे ती ‘फील्ड’, बाद होते. चिमणीतून काळा धूर दिसला की गावातली माणसं केंद्राला शिव्या घालतात. त्यांचं बरोबरच असतं. फील्ड बाद असताना संच तसाच चालवत राहणं हा मला या क्षेत्रातला मोठा दोष वाटतो. ईएसपीचा अभियंता आसपासच्या हजारो लोकांच्या फुप्फुसांसाठी काम करतो, आणि या नेमणुकीला त्या मानाने मान नाही.

रोजचं काम मात्र विद्युत देखभाल विभागाचं, ईएमचं. बंद पडून राहिलेली मोटार पावसाळ्यात ओल धरते. सुरू करण्याआधी तिचा मेगर घ्यायचा, म्हणजे वाइंडिंगचा इन्सुलेशन रोध मोजायचा. जुना ठोकताळा असा की जितके किलोव्होल्ट त्यात एक मिळवा, किमान तेवढे मेगओम हवेत. ६.६ च्या मोटारीला साडेसातच्या वर. पण एवढ्याने भागत नाही. एका मिनिटानंतरचं वाचन आणि दहा मिनिटांनंतरचं वाचन यांचं गुणोत्तर पाहायचं. ते दोनच्या आसपास किंवा वर असेल तर वाइंडिंग कोरडं, एकाला टेकलं असेल तर ओल आहे. हीटर लावा आणि थांबा. ऑपरेशनवाले फोनवर घाई करत असतात. त्या वेळी ‘अजून दोन तास लागतील’ हे ठामपणे सांगता आलं पाहिजे.

काम करण्याआधी परमिट. ब्रेकर उघडायचा, रॅक आउट करायचा, कुलूप, फलक, वीज नसल्याची खात्री, मग अर्थिंग. क्रम मोडायचा नाही. ६.६ किलोव्होल्टच्या पॅनेलमध्ये चाप उडाला तर समोरचा माणूस भाजून निघतो. यातली बरीच हाताची कामं कंत्राटी तंत्रज्ञ करतात. आयटीआय झालेली, जवळच्या गावांतली ही मुलं. कोणती केबल कोणत्या खंदकातून जाते हे त्यांना तोंडपाठ असतं. संच वार्षिक ओव्हरहॉलसाठी उभा राहतो तेव्हा ती दिवसरात्र राबतात. कंत्राटदार बदलला की त्यांची सेवा पुन्हा शून्यापासून मोजली जाते. केंद्राचं एवढं ज्ञान ज्यांच्या डोक्यात आहे त्यांना असं वागवणं अन्यायाचं आहे, आणि केंद्राच्या सुरक्षिततेलाही परवडणारं नाही.

या कामात यायचं कसं

पदवीधरांना गेटच्या गुणांवर एनटीपीसी आणि अणुऊर्जा महामंडळाची दारं उघडतात. महानिर्मिती स्वतःची परीक्षा घेऊन अभियंते आणि तंत्रज्ञ भरते. पदविका झालेल्यांसाठी कनिष्ठ अभियंता हा रस्ता आहे, पुढे बढतीची शिडी मुख्य अभियंत्यापर्यंत जाते. नागपूरला राष्ट्रीय ऊर्जा प्रशिक्षण संस्थेचं केंद्र आहे. तिथला अभ्यासक्रम करून येणाऱ्या मुलाला निदान फीड पंप आणि कंडेन्सेट पंप यांत गोंधळ होत नाही.

डिझाइनची आवड असेल तर मुंबई-पुण्यातल्या सल्लागार आणि प्रकल्प उभारणाऱ्या कंपन्या आहेत. तिथे या कामाला बॅलन्स ऑफ प्लँट, बीओपी, म्हणतात. भारांची यादी करायची, ट्रान्सफॉर्मर किती मोठा हवा ते काढायचं, शॉर्ट सर्किट झालं तर स्विचगिअरला किती हजार अँपिअर सोसावे लागतील ते पाहायचं. सगळा भार चालू असताना सर्वांत मोठी मोटार सुरू केली, तरी बसचं व्होल्टेज साधारण ऐंशी टक्क्यांखाली जाता कामा नये. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, म्हणून हा हिशेब चुकला की संच उभारल्यानंतरच कळतं आणि तेव्हा उपाय फार महाग पडतो.

माझ्या मते मात्र सुरुवातीची सर्वांत चांगली शाळा साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची. मोठ्या केंद्रात एखादा अभियंता दहा वर्षं फक्त राख विभाग बघतो. कारखान्यात दोन-तीन विद्युत अभियंतेच असतात आणि जनित्रापासून बगॅसच्या पट्ट्यापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला गाळप सुरू झालं की मार्च-एप्रिलपर्यंत उसंत नाही. बाहेरची लाइन गेली की क्षणात ग्रीडपासून सुटून स्वतःच्या टर्बाइनवर कारखाना चालू ठेवायचा असतो. याला आयलंडिंग म्हणतात. ते साधलं तर गाळप चालू राहतं, फसलं तर गव्हाणीत ऊस आणि बाहेर बैलगाड्या-ट्रॅक्टरांची रांग. पगार महामंडळांएवढा नसतो, पण दोन हंगामांत जे हाताला लागतं ते पुस्तकांतून येत नाही.

कुठेही रुजू व्हा, पहिल्या महिन्यात केंद्राचं सिंगल लाइन डायग्राम मागून घ्या आणि एक फीडर बसपासून मोटारीपर्यंत पायी जाऊन जुळवा. कागद आणि जागा यांत फरक सापडेलच. तो सापडला की ड्रॉइंगवर लाल पेनाने दुरुस्ती करून वरिष्ठांना दाखवा.

सौरऊर्जेमुळे आता या कामाचं रूप बदलतंय. दुपारी सूर्याची वीज भरपूर असते, म्हणून कोळशाच्या संचांना ५५ टक्के लोडपर्यंत खाली यायला सांगितलं जातं, आणि पुढे ४० टक्क्यांपर्यंत नेण्याचं धोरण आहे. लोड निम्मा झाला तरी ऑक्झिलरीचा खर्च निम्मा होत नाही, म्हणून टक्केवारीत तो वाढतो. यावरचा एक चांगला उपाय म्हणजे पंख्यांचा वेगच कमी करणं. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला तर ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. पूर्वी मोटार पूर्ण वेगाने फिरवून झडप बंद करत; आता व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह बसवतात आणि ती दुरुस्त करणारा माणूस ईएममध्ये हवा असतो. दिवसाआड मोटारी बंद-चालू होऊ लागल्या की रोटरच्या सळया तडकण्याचं प्रमाणही वाढतं. तासाला किती वेळा मोटार सुरू करायची याची पूर्वी केवळ पाटीवर असलेली मर्यादा आता रोज पाळावी लागते.

जुने २१० मेगावॉटचे संच निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी बॅटरी साठवण केंद्रं, उदंचन जलविद्युत प्रकल्प यांच्या निविदा निघत आहेत. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आधीपासून चालू आहे. लिथियमच्या बॅटऱ्यांच्या कंटेनरला अहोरात्र थंडावा लागतो, आग ओळखून विझवायची व्यवस्था लागते आणि ती चालवायला वेगळी वीज लागते. ती ग्रीडमधून घ्यायची की स्वतःच्या साठ्यातून, ग्रीड गेली तर किती तास पुरवायची, डीसी अर्थ झाला तर कुठून शोधायला लागायचं, हे सगळं निविदेच्या तांत्रिक अटींमध्ये लिहावं लागतं. अशा अटी लिहिण्यासाठी औष्णिक केंद्रात ऑक्झिलरी सांभाळलेले अभियंते हवे असतात. पस्तिशी-चाळिशीतल्या ज्या मंडळींना कोळशाबरोबर आपलीही नोकरी जाईल अशी धास्ती वाटते, त्यांनी या निविदा डाउनलोड करून वाचायला हव्यात.